दोन ठोके, मग एक

डोर्कस रेनकडे त्रेचाळीस पाट्या होत्या. ब्रॅकन लॉ या खाणीच्या गावात घरांच्या तीन रांगा, आणि खाणीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या दारालगत भिंतीत बसवलेली तळहाताएवढी दगडी पाटी. निजायच्या आधी माणसानं खडूनं पाटीवर तास लिहायचा. पुढची काळजी डोर्कसची. दोन लिहिलेलं असेल तर पहाटे दोनला, अडीच लिहिलेलं असेल तर अडीचला ती लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या तारांनी वरच्या खिडकीची काच वाजवायची. नुसती वाजवून पुढं सरकायची नाही, आतून उलट ठोका येईपर्यंत थांबायची. तिच्या नवऱ्याची, जोची, तशी शिकवणच होती. "ठोक्याला ठोका मिळाल्याशिवाय पाय उचलायचा नाही," तो म्हणायचा. "माणूस झोपेतसुद्धा ‘उठलो’ म्हणतो. झोपेत बोलता येतं, ठोकता येत नाही."

त्या गावात ‘नॉक’ हा शब्द मिठासारखा होता, कशातही पडायचा. पहाटे उठवणं म्हणजे नॉक आणि पाळी सुटणं म्हणजेही नॉकच. शनिवारी गुत्त्यात कुणाचा जबडा सुजला तर त्याला नॉक बसला, आणि कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तर तिलाही नॉकच बसला. पाद्र्याच्या प्रवचनात सतत खोट काढणारी एक म्हातारी होती, ती त्याला नॉक करते म्हणत. पंपाचं तेल संपलं की पंप नॉक करायचा. आणि खाणीत, हातातलं काम सुरू करण्याआधी, कुदळीच्या दांड्यानं डोक्यावरचं छत ठोकून बघायचं, तोही नॉक. छत घंटेसारखं वाजलं तर खुशाल बसून डबा खा. ढोलासारखं पोकळ वाजलं तर डबा तिथंच टाकून पळ. तिथली पोरं हा शब्द बोलायला शिकायच्या आधी ऐकायला शिकायची.

डोर्कसच्या कामात एकच अडचण होती. पाळीला निघालेल्या माणसाच्या नजरेस बाई पडली तर तो तसाच माघारी फिरे. अपशकुन. मजुरी बुडाली तर बुडू दे, पण त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. मग बाईनं गाव उठवायचं कसं? दगड पडून जोचा पाय लंगडा झाला तेव्हा खाणवाल्यांनी त्याला ही काठी दिली होती. पुढं त्याच्या छातीनं दगा दिला, तशी एका हिवाळ्यात डोर्कस त्याचाच कोट आणि टोपी घालून फिरू लागली. कुणी काही विचारलं नाही. शेवटी जोला पुरलं, आणि दुसऱ्या पहाटे काठी पुन्हा काचेवर वाजली. "उठलो रे जो," आतून आवाज आला. त्याला अकरा वर्षं झाली होती. पहाटे ती अजूनही जोच होती. फक्त पहिलं दार उघडायच्या आत तिनं गल्लीतून नाहीसं व्हायचं. हा करार कुणी बोलून दाखवला नव्हता, पण दोन्ही बाजूंनी पाळला जात होता.

अकरा वर्षांत त्रेचाळीस घरांचे ठोके तिच्या कानात बसले होते. ल्यूक टीझडेल अंथरुणातूनच एक बूट भिंतीवर फेकायचा. धप्, आणि मागोमाग त्याच्या बायकोची, बेसीची, शिवी. डोर्कसचा मुलगा मॅटी पलंगाच्या दांडीवर बोटांच्या पेरांनी घाईघाईनं दोनदा ठोकायचा, लहानपणी न्हाणीचं दार ठोकायचा तसा. आणि तिच्या शेजारचा कथबर्ट कोल्सन, त्याचे आधी दोन ठोके, मग जरा थांबून एक, हलकासा. तो तिसरा ठोका खरा त्याच्या बायकोचा. ती होती तेव्हा अर्धवट झोपेत नवऱ्याच्या ठोक्याला आपला एक जोडून द्यायची, "मीही जागी आहे हो जो, मला मेलीला कोण झोपू देतंय," म्हणून. ती गेल्यावर कथबर्ट तोही स्वतःच ठोकू लागला. त्याबद्दल डोर्कस त्याला कधी काही बोलली नव्हती.

१९१३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ. मागच्या अंगणाच्या भिंतीवरून कथबर्टची टोपी दिसली.

"डोर्कस, आहेस का?"

"नाही, मेले. काय हवंय?"

"थोडी साखर. चहाची पूड. आणि दूध असलं तर कपही तुझाच आण."

तिनं कप भिंतीवर ठेवला. कथबर्टला खाणीत स्वतःची अशी जागा नव्हती. पन्नाशी उलटल्यावर तो पडेल ते काम करायचा. कुणी आला नाही तर त्याच्या जागी उभा राहायचा. रोज पहाटे पाटीवर दोन लिहायचा आणि खाणीच्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसायचा. कुणाची जागा रिकामी निघाली तर आत, नाहीतर गळ घेऊन ओढ्यावर.

"मॅटी उद्या पहिल्या पाळीला का?" त्यानं चहा फुंकत विचारलं.

"हो. का?"

"आज मी त्याच्या जागेवर खांब बसवत होतो. डावीकडं, अगदी शेवटाला. छत ठोकून बघितलं." तो थांबला. "ढोल."

"मुकादमांना सांगितलंस? टुलिपसाहेबांना?"

"सांगितलं ना. म्हणाले, कथबर्ट, छत चांगलं आहे, तुझे कान म्हातारे झालेत. सोमवारी आणखी खांब लावू."

"सोमवार चार दिवसांवर आहे."

"मीही तेच म्हटलं. म्हटलं साहेब, छताला कॅलेंडर वाचता येत नाही. हसले. चांगले हसले."

डोर्कस हसली नाही. तिनं शाल ओढली आणि तिसऱ्या रांगेतलं शेवटचं घर गाठलं. मॅटी शेकोटीपाशी बुटाला खिळे मारत बसला होता. त्याची बायको रूथ पाच आठवड्यांच्या बाळाला पाजत होती.

"उद्या जाऊ नकोस," डोर्कस दारातूनच म्हणाली.

"का? स्वप्न पडलं?"

"कथबर्टनं छत ठोकून बघितलंय. पोकळ वाजतंय."

"कथबर्टला चर्चची घंटासुद्धा पोकळ वाजते." मॅटीनं तोंडातला खिळा काढला. "आई, ल्यूक जाणार आणि मी घरी बसणार? तो माझा जोडीदार आहे. उद्या त्याला काय सांगू, आईनं जाऊ दिलं नाही? मरेपर्यंत गाव मला दुपट्यात गुंडाळेल."

"गुंडाळू दे. दुपट्यातली पोरं जिवंत असतात."

रूथला हसू आलं. मॅटीला नाही. तो उठला, आईच्या अंगावरून बाहेर गेला आणि तिच्या देखत पाटीवर दोनाचा आकडा काढला. इतका दाबून, की खडू मोडला.

शुक्रवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. आभाळ कोरडं, चांदण्या टाचणीसारख्या. डोर्कस पहिल्या रांगेतून निघाली. कथबर्टच्या काचेवर काठी वाजवली. दोन ठोके, मग एक. पुढं ल्यूकचं घर. धप्. "अरे, बाळाच्या डोक्यात घालशील एक दिवस तो बूट!" बेसी आतून ओरडली. तिला अजून बाळ नव्हतं. बाळ हवंय याची नवऱ्याला आठवण म्हणून ती हे रोज ओरडायची.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला डोर्कस थांबली. कंदील वर धरला. पाटीवर दोनाचा आकडा, खालची रेघ खडू मोडल्यामुळं तुटलेली.

वाटेत तिनं सगळा विचार करून ठेवला होता, आणि तो विचार इतका सोपा होता की तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. उठून घरी बसणारा माणूस भित्रा. पण ज्याला उठवलंच नाही, त्याला कोण काय म्हणणार? दोष उठवणारीचा. मॅटीची एक पाळी बुडेल, टुलिपसाहेब आपल्याला चार शब्द सुनावतील. आज शुक्रवार, उद्या अर्धा दिवस, मग रविवार, आणि सोमवारी खांब. एवढंच तर निभवायचं होतं.

पाटी पुसायचा हक्क ज्याची पाटी त्याचा. अकरा वर्षांत तिनं कुणाच्या पाटीला बोट लावलं नव्हतं. तिनं जोच्या कोटाची बाही पुढं ओढली आणि एकदाच फिरवली. वर खिडकीत काळोख होता. बाळ बारा-एकपर्यंत रडलं असणार, दोघंही मेल्यासारखी झोपली असणार. ती टाचा न वाजवता परत फिरली.

सात वाजता खाणीचा भोंगा वाजला. पाळीचा भोंगा नेमका वाजून थांबतो. हा थांबेना.

अर्ध्या तासात सगळं गाव टेकडीच्या पायथ्याशी, बोगद्याच्या तोंडाशी जमलं. ब्रॅकन लॉच्या खाणीला विहिरीसारखं खोल तोंड नव्हतं. टेकडीच्या कुशीतून बोगदा उतरत आत जायचा. बायका शाली डोक्यावरून घेऊन उभ्या होत्या. बेसी सगळ्यात पुढं. डोर्कस अजून जोच्याच कोटात होती, काठीही हातातच. घरी येऊन ती तशीच खुर्चीत बसून राहिली होती.

मॅटी धावत आला तेव्हा त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. आईला बघून तो थबकला.

"ठोकलं का नाहीस?"

"पाटी कोरी होती."

"मी लिहिलं होतं. तुझ्यासमोर लिहिलं."

"दव पडलं असेल."

मॅटीनं वर बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. तो एवढंच म्हणाला, "ल्यूक आत आहे."

मुकादम टुलिपसाहेब बाहेर आले. तोंड काळं, मिशीला धूळ. बोगदा जिथं दुभागतो तिथपर्यंत दोन्ही बाजूंचं छत खाली आलं होतं. डावीकडं मॅटीची जागा, उजवीकडं ल्यूकची. बाकीच्या भागातली माणसं सुखरूप वर आली होती. टुलिपसाहेबांनी कचेरीतून बिल्ल्यांची फळी मागवली. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून न्यायचा, बाहेर आला की परत टांगायचा, अशी रीत. फळीवर दोन खिळे रिकामे होते, ल्यूकचा आणि मॅटीचा.

"तू तर इथं उभा आहेस," टुलिप मॅटीला म्हणाले.

"आमचे दोघांचे बिल्ले ल्यूकच उचलतो, साहेब. रोजचंच आहे. मी मागून येईन असं वाटलं असेल त्याला."

"म्हणजे डावीकडं कुणी नाही." टुलिपसाहेबांनी सुस्कारा सोडला. "देवाची कृपा. तिकडं पाणी भरतंय. नळाला आत चीर गेलीय, पंप नुसती हवा ओढतोय. भरलं तर भरू दे. सगळे उजवीकडं लागा."

बायकांनी मॅटीकडं बघितलं, मग डोर्कसकडं. एकीनं तिचा हात दाबला. "नशीबवान गं बाई." डोर्कसनं हात सोडवून घेतला. तिची नजर गर्दीत फिरत होती. खाणीत काही झालं की सगळ्यांत आधी पोचणारा माणूस एकच होता, आणि त्याची टोपी कुठं दिसत नव्हती. तिनं टाचा उंचावून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"कथबर्ट कुठाय?" तिनं शेजारणीला विचारलं.

"ओढ्यावर असेल, गळ टाकून. त्याचा बिल्ला खिळ्यालाच आहे की."

"भोंगा ऐकून आला नसता?"

"मासा लागला असेल एखादा."

तेवढ्यात पंपाजवळचा माणूस ओरडला, "गप्प! गप्प बसा सगळे! नळ वाजतोय!"

गाव गप्प झालं. पंप बंद केला. कुणी लेकराच्या तोंडाला छाती लावली, कुणी कुत्र्याचं नाक मुठीत धरलं. खिळ्यांचे बूट वाजू नयेत म्हणून गडी होते तिथंच पुतळ्यासारखे थिजले. पंपाचा लोखंडी नळ बोगद्यातून शेवटपर्यंत गेला होता, आत दोन्ही बाजूंना त्याचे फाटे होते. त्या नळातून, फार लांबून, कुणीतरी नखानं भांडं वाजवावं तसं काहीतरी येत होतं.

"ल्यूक!" बेसी किंचाळली आणि नळाला मिठी मारून बसली. "ल्यूकच आहे! माझा ल्यूक जिवंत आहे!" ती एकदम वळली, गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं डोर्कसचा कोट धरून तिला ओढलं. "तू ऐक गं. तुला सगळ्या गल्लीचे ठोके पाठ आहेत. सांग या लोकांना, माझा नवराच आहे म्हणून. हात चालव म्हणावं त्यांना, जरा हात चालवा!"

डोर्कस गुडघ्यांवर बसली. टोपी काढली. नळाचं लोखंड कानाला विंचवासारखं डसलं.

दोन ठोके. मग थांबून एक, हलकासा.

तिनं डोळे मिटले. पुन्हा आले. दोन, मग एक. एवढ्या काळोखात, एवढ्या दगडांखालीसुद्धा त्या माणसानं बायकोचा ठोका वगळला नव्हता.

"ल्यूक आहे ना?" बेसी म्हणत होती. "ना? बोल की."

डोर्कसला त्या क्षणी नुसतं ‘हो’ म्हणता आलं असतं. त्या एका ‘हो’नं बेसी शांत झाली असती, माणसं उजवीकडं खणत राहिली असती, मॅटीला काही कळलं नसतं, गावाला काही कळलं नसतं. पाटीवर दव पडलं असतं.

"हा कथबर्ट आहे," ती म्हणाली.

"काय?"

"कथबर्ट कोल्सन आहे. डावीकडं."

टुलिपसाहेब पुढं आले. "बाई, कथबर्टचा बिल्ला इथं आहे. तो आत नाही. घाबरलेला माणूस हाताला येईल ते कसंही बडवतो. ठोका म्हणजे ठोका."

"मला काठी द्या."

कुणीतरी तिची पडलेली काठी उचलून दिली. तिनं ती उलटी धरली आणि नळावर चार सारखे ठोके दिले, रोज खिडकीवर द्यायची तसे. न कमी, न जास्त. आत तो माणूस कुठं असेल, कसा असेल, त्याला या चार ठोक्यांत गल्ली ऐकू आली असेल का, थंडी, कंदील, जोची टोपी?

दोन. मग एक.

"ल्यूक बूट फेकतो," डोर्कस म्हणाली. "बेसी, तूच सांग. तो कधी तीनदा ठोकतो का?"

बेसीनं मान झटकली. मग ती ओरडली, "त्याच्याकडं तिथं भिंत नसेल! बूट नसेल! तुला काय माहीत! खोटं बोलते ही. हिचा पोरगा बाहेर आहे, हिला काय पडलंय!"

"कथबर्ट मॅटीच्या जागी कशाला जाईल?" टुलिप म्हणाले. आता त्यांचा आवाज कमी होता, पण पाय अजून उजवीकडंच वळलेले. "मी पाठवलं नाही. मॅटी, तू त्याला सांगितलं होतंस, येणार नाही म्हणून?"

"नाही, साहेब."

"मग? मॅटी येणार नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, तर त्याची जागा कथबर्टला कोण देणार? बाई, बाजूला व्हा. वेळ जातोय."

माणसं वळली. दोघांनी फावडी उचलली. नळातून पुन्हा आलं, दोन, एक, आणि या वेळी दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं होतं.

"मला माहीत होतं," डोर्कस म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिनं काठी नळावर आदळली. खणखणाटानं सगळे वळले.

"मॅटी येणार नाही हे मला माहीत होतं. मी त्याला उठवलंच नाही. त्यानं पाटीवर दोन लिहिलं होतं, मी पुसलं." तिनं उजवा हात पुढं केला. जोच्या काळ्या कोटाच्या बाहीच्या टोकाशी खडूचा पांढरा पट्टा होता. "दव नव्हतं पडलं. मी पुसलं. आणि कथबर्टला मी स्वतः उठवलं. तो रोजच्यासारखा इथं येऊन बसला असणार. ल्यूकनं जोडीदाराची वाट बघितली असेल, तो आला नाही, मग याला म्हणाला असेल, चल, आणि मॅटीचा बिल्ला याच्या हातात दिला असेल. तो माझ्या मुलाच्या जागी मरतोय, टुलिपसाहेब. तिकडं पाणी भरतंय."

डोर्कसनं मॅटीकडं बघितलं नाही; तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"आणि तुझं ऐकून मी माणसं डावीकडं वळवली," टुलिप सावकाश म्हणाले, "आणि तू चुकलेली निघालीस तर?"

"तर ल्यूकही माझ्याच माथी."

बेसी तिच्या अंगावर धावून आली. दोघी-तिघींनी तिला कमरेला धरलं. ती ओरडत होती, "माझा ल्यूक ठोकतोय! ऐका ना! माझा ल्यूक ठोकतोय!" आणि तिच्या ओरडण्यातून नळाचा आवाज कुणालाच येत नव्हता.

मॅटीनं खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग एका म्हाताऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं. "डावी जागा माझी आहे," तो म्हणाला. "तिथले खांब मला ठाऊक आहेत. मी जातो." आईच्या बाजूनं जाताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्याच्यामागं एक गडी निघाला, मग चौघं, आणि मग टुलिपसाहेबांनी हात हलवला. बहुतेक सगळी माणसं डावीकडं. तिघं उजवीकडं, बेसीसाठी.

दिवसभर डोर्कस नळापाशी बसून राहिली. तासातासाला चार ठोके द्यायची आणि वाट बघायची. दुपारी एक वाजता उलट ठोका यायला तिनं शंभरापर्यंत मोजलं. दोनला दोनच ठोके आले. तिसरा आला नाही. तिनं कोटाची बाही तोंडात कोंबली. मग किती तरी वेळानं, चुकून पडलेल्या थेंबासारखा, तोही आला. आता मॅटी त्याच छताखाली होता. तिनं त्याला ज्या दगडापासून राखलं होतं, त्याच दगडाखाली तो स्वतःच्या पायांनी गेला होता, आणि त्याला तिथं पाठवणारीही तीच होती.

चारच्या सुमाराला त्यांनी कथबर्टला फळीवर घालून बाहेर आणलं. पाणी त्याच्या काखेपर्यंत चढलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. फळीचं एक टोक मॅटीच्या खांद्यावर होतं.

कथबर्टनं डोळे किलकिले केले. "टुलिपसाहेब कुठायत?" त्यानं विचारलं. "त्यांना म्हणावं, सोमवार झाला."

ल्यूक दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दगडाखाली गेला, त्याला कळलंसुद्धा नसेल. बेसीला ते पटलं की नाही, कुणी विचारलं नाही. तिच्या दाराची पाटी कुणी पुसली नाही. पावसानं धुऊन जाईपर्यंत तिच्यावर दोन तसंच होतं. ती गावातच राहिली. रस्त्यात डोर्कस दिसली की पलीकडच्या बाजूनं जायची, आणि डोर्कस तिला जाऊ द्यायची.

गावानं दोन तोंडांनी बोलायचं ठरवलं होतं. विहिरीवर बायका कुजबुजत, "मीही हेच केलं असतं गं." त्याच बायका घरी जाऊन नवऱ्याला सांगत, "पाटी लिहिलीस की गजराचं घड्याळही लावून ठेव." काठीवरचा भरवसा गेला होता. पहाटे डोर्कसनं काच वाजवली की आतून ठोका यायचा, पण "उठलो रे जो" असं आता कुणी म्हणत नव्हतं.

एप्रिलमध्ये कथबर्ट कुबडीवर अंगणात उभा राहू लागला. डोर्कसनं भिंतीवरून काठी पलीकडं दिली. वर जोचा कोट, धुऊन घडी केलेला.

"हे काय?"

"तुझं काम."

"एका पायानं?"

"जोनंही लंगडतच सुरुवात केली होती. माझ्या हातात ती आता शोभत नाही."

कथबर्टनं काठी उचलून तारा वाकवून बघितल्या. "तूच मला उठवून पाठवलंस," तो म्हणाला, "आणि तूच ऐकून परत आणलंस. आता मी भांडायचं तरी कुणाशी?" मग जरा थांबून, "साखर आहे का?"

मॅटी मात्र डोर्कसकडं येत नव्हता. रविवारी रूथ बाळाला घेऊन यायची, तासभर बसायची, काहीबाही बोलायची. "कामातून वेळ मिळत नाही त्यांना," म्हणायची, आणि दोघी बाळाकडं बघत बसायच्या. कथबर्टच्या पायाकडं बघितलं की मॅटी अजून जेवत नाही, हेही एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

काठी गेली तरी डोर्कसची झोप परत आली नाही. दीडलाच डोळे उघडायचे. अंधारात पडल्या पडल्या ती कथबर्टची कुबडी ऐकायची. टक, घसट. टक, घसट. काच वाजायची, आतून उत्तर यायचं, कुबडी पुढं सरकायची. तो तिचे नेम पाळत होता. ती मनात मोजायची. पहिली रांग, दुसरी, तिसरी. त्रेचाळीसातून ल्यूक गेला, कथबर्टच्या हातात काठी आली; आता एक्केचाळीस उरले होते. शेवटच्या घरातून दोन घाईचे ठोके आले की ती डोळे मिटायची. मग गल्लीतून खिळ्यांचे बूट जायचे, आणि त्यांच्या वाटेत बाई दिसू नये म्हणून ती खिडकीपासून दूर, भिंतीकडं तोंड करून पडायची.

मे महिन्यातल्या एका पहाटे त्या बुटांतले दोन बूट तिच्या दाराशी थांबले.

ती श्वास रोखून पडून राहिली. खिडकीशी जाणं शक्य नव्हतं; तो पाळीला निघाला होता. दारावर दोन ठोके पडले, बोटांच्या पेरांनी, घाईघाईनं. मग काही नाही. बाकीचे बूट उतारावरून खाली गेले. हे दोन हलत नव्हते. तिला वाटलं, आता काही बोलेल. तो नुसता उभा होता.

तो कशासाठी थांबलाय हे तिला कळायला वेळ लागला. अकरा वर्षं ती बाहेर उभी राहिली होती; आत पडून आपल्या दारावरचा ठोका ऐकायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिनं हात वर नेला आणि पलंगाच्या दांडीवर ठोकलं.

बूट पुढं निघाले.